संस्थापक गुरू स्वतः शिकवत नसतील, तर त्या संस्थेत मुलीला घालावं का?

प्रश्न मुलुंडच्या एका आईचा आहे. मुलगी साडेआठ वर्षांची, भरतनाट्यम शिकायचं म्हणते. घरापासून चालत जाता येतील असे दोन वर्ग आहेत. एक मुंबईतल्या जुन्या, नावाजलेल्या संस्थेची शाखा. तिथे फलकावर संस्थापक गुरूंचं नाव आणि भिंतीवर हार घातलेला फोटो आहे, पण शिकवते त्यांच्या शिष्येची शिष्या. दुसरा वर्ग शेजारच्या सोसायटीत राहणाऱ्या एका ताईंचा, घरीच, दहा-बारा मुलींचा. "गुरू स्वतः येणारच नसतील तर नावाचे जादा पैसे का द्यायचे? अरंगेत्रम किती वर्षांत होतं? परीक्षा द्यायच्या का?" असं त्यांनी विचारलं आहे. (अरंगेत्रम म्हणजे शिकणाऱ्या मुलीचा पहिला पूर्ण एकटीचा कार्यक्रम.)

आधी सरळ उत्तर देते. संस्थापक गुरू वर्गावर येत नाहीत म्हणून संस्था टाळू नका, आणि त्यांचं नाव आहे म्हणून घेऊही नका. नावाला किंमत असते ती त्या गुरूची शिकवायची रीत त्या खोलीत अजून चालू असेल तरच. ते बाहेरून कळत नाही, पण वर्गात तासभर बसलात तर नाचातलं काहीही न कळणाऱ्या माणसालाही कळतं. त्यामुळे प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी दोन्हीकडे जाऊन एकेक वर्ग बघा. वार्षिक कार्यक्रमाचे व्हिडिओ बघून ठरवू नका. मेकअप, दागिने आणि दिवे असले की सगळ्याच मुली छान दिसतात. आणि बघायचीच तर दुसऱ्या वर्षाची बॅच बघा. पहिल्या वर्षाच्या मुली गोंडस असतात आणि सातव्या वर्षाच्या मुली गळती होऊन उरलेल्या असतात. संस्था कशी आहे ते दुसऱ्या वर्षात दिसतं.

काय बघायचं, ते सांगते.

शिकवणारी ताई कुठे आहे ते आधी पाहा. भरतनाट्यम शिकवायची जुनी पद्धत बसून शिकवायची. समोर लाकडी ठोकळा, हातात दांडकं (आम्ही त्याला तट्टुकळी म्हणतो), तोंडाने सोल्लुकट्टू म्हणजे तालाचे बोल. "तैया तै, तैया तै" म्हणत ठोका पडतो आणि मुली त्यावर तत्तडवू करतात. (अडवू म्हणजे नाचाचं मूळ पाऊल, हात-पायांच्या हालचालींचा सगळ्यात लहान तुकडा; तत्तडवू हा त्यातला पहिला.) बोल कानातून पायात उतरायला हवेत, हा त्यामागचा हिशोब. दुसरी रीत म्हणजे ताई पुढे उभी राहून स्वतः नाचते आणि मुली तिच्याकडे बघून करतात. सुरुवातीला दाखवावं लागतंच, मीही दाखवते. पण एक साधी परीक्षा आहे. ताई नाचायच्या थांबल्या की मुलींचं काय होतं? त्या गोंधळून एकमेकींकडे बघायला लागल्या, तर त्यांना अडवू आलेला नाही, नक्कल आली आहे. ताई खाली बसून नुसता ठोका देतायत आणि मुली पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या काळात (म्हणजे वाढत्या वेगात) बिनचूक जातायत, तर तिथे शिक्षण चालू आहे.

ठोका कुठून येतोय तेही बघा. हल्ली बऱ्याच वर्गांत अडवूंचं रेकॉर्डिंग ब्लूटूथ स्पीकरवर लावतात. ताईंचा घसा आणि मनगट वाचतं, ते मला समजतं. एका दिवसात चार-पाच बॅच घेणाऱ्या बाईला दुसरं काय सुचणार! पण रेकॉर्डिंग थांबत नाही. एखादीचा डावा पाय उशिरा पडला तर जिवंत ठोका तिथेच अडतो, तो अडवू पुन्हा घेतो, लय किंचित खाली आणतो. हातात दांडकं असलेली ताई मुलींच्या पायांकडे बघत असते, आणि स्पीकरवाल्या ताईंचं लक्ष बऱ्याचदा फोनवरच्या पुढच्या ट्रॅककडे असतं.

तिसरी गोष्ट डावी बाजू. प्रत्येक अडवू उजवीकडे आणि डावीकडे होतो. बहुतेक मुलींची उजवी बाजू बरी असते आणि डावी मार खाते. ताई डाव्या बाजूला थांबून दुरुस्ती करतात का? आणि अरमंडी. गुडघे बाजूला उघडून अर्धं बसायचं, ही भरतनाट्यमची मूळ बैठक. पाच मिनिटांनी मुली हळूहळू उभ्या व्हायला लागतात, ते कोणी बघतंय का? बघताना ओरडून "बसा, बसा" एवढंच म्हणतायत, की गुडघा पावलाच्या रेषेत आहे ना, तो आत पडत नाही ना, तेही पाहतायत? हा प्रश्न मुंबईत जास्त महत्त्वाचा, कारण इथले वर्ग शाळेच्या खोल्यांत, सोसायटीच्या हॉलमध्ये, नाहीतर दिवाणखान्यात चालतात. सगळीकडे काँक्रीटवर लाद्या. लाकडी जमीन फार थोड्या ठिकाणी मिळते. कडक लादीवर चुकीच्या अरमंडीत पाय आपटले की नडगी आणि गुडघे दुखायला लागतात, आणि ते दुखणं तेराव्या-चौदाव्या वर्षी, नेमकं वर्णम (कार्यक्रमातली सगळ्यात लांब आणि अवघड रचना) शिकायच्या वेळी, समोर येतं.

एवढं पाहिलंत की तुमच्या प्रश्नातला गुरूंचा फोटो जिवंत आहे की नुसता टांगलेला, हे कळेल.

आता नावाबद्दल, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नात थोडी चीड आहे आणि ती मला पटते. पण मुंबईत नृत्यसंस्था उभ्या कशा राहिल्या हे माहीत असेल तर कुठल्या नावाकडून काय अपेक्षा ठेवायची ते ठरवता येतं. सगळे संस्थापक एका जातकुळीचे नव्हते.

माटुंग्याचं श्री राजराजेश्वरी भरत नाट्य कला मंदिर घ्या. 1945 साली गोविंदराज पिळ्ळै आणि महालिंगम पिळ्ळै यांनी ते सुरू केलं. ही मंडळी तंजावर भागातल्या तिरुविडैमरुदूरची, परंपरेने नट्टुवनार. म्हणजे ज्यांच्या घरात नाच शिकवणं, ताल धरणं, गाणं हाच पिढीजात व्यवसाय होता अशी. कुप्पय्या पिळ्ळै हे त्या घराचे ज्येष्ठ गुरू, आणि पुढे त्यांचे चिरंजीव कल्याणसुंदरम पिळ्ळै यांनी संस्था सांभाळली. काळ लक्षात घ्या. 1936 मध्ये रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी मद्रासला अड्यारमध्ये कलाक्षेत्राची सुरुवात केली होती, 1947 मध्ये मद्रास प्रांतात देवदासी प्रथेला बंदी घालणारा कायदा आला. देवळातून आणि दरबारातून बाहेर पडलेला हा नाच मध्यमवर्गीय घरांतल्या मुली शिकू लागल्या होत्या, आणि माटुंग्यात तमिळ कुटुंबांची मोठी वस्ती होती. त्यांच्या मुली आल्या, पाठोपाठ गुजराती आल्या, आपल्या मराठी मुली आल्या. अशा संस्थेत संस्थापकाचं नाव म्हणजे घराणं. तिथे नाव घेऊन कोणी शाखा चालवत असेल तर तिच्याकडे नट्टुवांगम आलं पाहिजे, म्हणजे दांडकं आणि झांजा हातात घेऊन बोल म्हणत नाच चालवता आला पाहिजे. ते येत नसेल तर त्या परंपरेतली मुख्य गोष्टच आली नाही. नुसती उत्तम नर्तकी असून भागत नाही.

डॉ. कनक रेळे यांचं नालंदा ही वेगळी गोष्ट. जुहू-पार्ल्याच्या भागात 1966 मध्ये नालंदा नृत्य संशोधन केंद्र आणि नंतर सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नालंदा नृत्यकला महाविद्यालय. मुंबई विद्यापीठाशी संलग्न, नृत्यात पदवी देणारं. कनकताई कथकली शिकलेल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या, आणि त्यांचं मोठं काम मोहिनीअट्टम या केरळच्या नृत्यात. 1970 च्या सुमारास त्या केरळात जाऊन कुंजुकुट्टी अम्मा, चिन्नम्मू अम्मा, कल्याणीकुट्टी अम्मा अशा जुन्या कलावतींचं चित्रीकरण करून आल्या, आणि त्या सामग्रीवरून शरीराच्या हालचालींचं शास्त्रशुद्ध विश्लेषण मांडलं. पुढे कावालम नारायण पणिक्कर यांच्या साथीने सोपान संगीताला (केरळच्या देवळांतल्या गायकीला) मोहिनीअट्टममध्ये जागा दिली. 2013 मध्ये पद्मभूषण, 2023 मध्ये निधन. इथे संस्थापकाचा ठसा एखाद्या घराण्याच्या बोलात सापडणार नाही. तो अभ्यासक्रमात, शरीराकडे बघायच्या दृष्टीत, विद्यार्थिनीने लिहायच्या प्रबंधात सापडतो. गुरू वर्गात नसल्या तरी महाविद्यालय चालू राहावं, हीच त्या रचनेमागची कल्पना. अशा ठिकाणाहून शिकून आलेली शिक्षिका दिसली तर तिला "का" विचारा. हा पाय इथे का, हात एवढाच वर का. उत्तर यायला हवं.

आणि आचार्य पार्वतीकुमार. मराठी पालकांना हे नाव फारसं माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं, म्हणून इथे जरा थांबते. मालवणकडचा हा माणूस मुंबईत भरतनाट्यम शिकला, शिकवू लागला, नृत्यनाट्यं बसवली. पण आयुष्यातली मोठी वर्षं त्यांनी तंजावरच्या सरफोजीराजे भोसले दुसरे यांच्या मराठी रचनांवर घालवली. सरफोजींचा काळ 1798 ते 1832. आज सगळ्या भरतनाट्यम वर्गांत जो क्रम शिकवतात, म्हणजे अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना, तो घडवणारे चार भाऊ चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू याच दरबारात होते. आणि त्याच दरबारात राजाने स्वतःच्या नावावर मराठीत नृत्यासाठी रचना केल्या, ज्यांना निरूपण म्हणतात. एकच कथासूत्र, सगळ्या भागांना एकच राग आणि ताल, आणि एकामागून एक 18 प्रकार, त्यांतले काही असे: जयजय, शरणु, अलारु, शब्द, वर्ण, पद, स्वरजती, तिल्लाना, जक्किणी, त्रिपुट, शेवटी मंगल. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात हे बाड होतं, 1958 मध्ये ते छापलंही गेलं. पण छापील साहित्य म्हणजे नाच नव्हे. त्यात पाय कुठे पडायचा ते लिहिलेलं नसतं. पार्वतीकुमारांनी ते रंगमंचावर आणायचं मनावर घेतलं. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी ही निरूपणं सादर केली. सुचेताताई पुढे तंजावर बंधूंच्या वंशातल्या किट्टप्पा पिळ्ळैंकडेही शिकल्या, आणि पुण्यात राहून त्यांनी हिंदुस्थानी संगीतावर भरतनाट्यम उभं केलं, त्याला नृत्यगंगा हे नाव दिलं. पार्वतीकुमारांच्याच दुसऱ्या शिष्या डॉ. संध्या पुरेचा यांनी मुंबईत सरफोजीराजांच्या नावाने संस्था काढली. 2022 मध्ये त्या संगीत नाटक अकादमीच्या अध्यक्ष झाल्या.

हे सांगण्याचं कारण असं की पार्वतीकुमारांची संस्था म्हणजे मोठी इमारत आणि वीस शाखा असं काही नव्हतं. त्यांच्यामागे उरलं ते काम आणि चार-सहा माणसं. तुमच्या शेजारच्या सोसायटीतल्या ताई कोणाकडे शिकल्या हे विचारल्याशिवाय "घरगुती वर्ग" म्हणून त्यांना मोडीत काढू नका. मुंबईत भरतनाट्यम पसरलं तेच मुळी असं. दादर-माटुंग्याला शिकलेली मुलगी लग्न होऊन ठाण्याला, मुलुंडला, डोंबिवलीला गेली. संध्याकाळच्या गर्दीत गुरूंकडे येणं सुटलं, म्हणून दिवाणखान्यातला सोफा भिंतीला सरकवून तिने चार मुली घेतल्या. त्यातल्या काहींनी गुरूंच्या संमतीने शाखेचा फलक लावला, काहींनी लावला नाही. फलक लावणारी अधिक चांगली शिकवते असं काही नाही. उलटही नाही.

ओडिसीचं एक उदाहरण देते, कारण ते आपल्या जवळचं आहे. झेलम परांजपे यांनी 1989 मध्ये स्मितालय सुरू केलं, आपली मैत्रीण स्मिता पाटील हिच्या नावाने. झेलमताई सदानंद आणि सुधा वर्दे यांच्या कन्या, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाच्या वातावरणात वाढलेल्या, आणि ओडिसी शिकल्या थेट केलुचरण महापात्र यांच्याकडे. त्यांनी भास्कराचार्यांच्या लीलावतीवर, म्हणजे चक्क गणितावर, ओडिसीतून नृत्यनाट्य केलं. नाच ओडिशाचा, गुरू ओडिशाचे, आणि संस्थेचा स्वभाव मात्र पूर्ण मुंबईचा, मराठी, सेवादलाचा. संस्थापकाच्या नावाबरोबर संस्थेचा स्वभाव येतो. कुठे देवघरासारखं वातावरण असतं, कुठे कॉलेजसारखं, कुठे शिबिरासारखं. तुमची मुलगी कुठे रमेल हे तुम्हीच ओळखू शकता, त्यात माझा सल्ला काही कामाचा नाही. (मणिपुरीत रस असेल तर झवेरी भगिनींनी गुरू बिपिन सिंग यांच्याबरोबर 1972 मध्ये स्थापलेलं मणिपुरी नर्तनालयही मुंबईतच आहे. पण तुमची मुलगी भरतनाट्यमच म्हणते आहे, तेव्हा ते सोडून देऊ.)

तर दोन्ही ताईंना विचारायचं काय? मुलाखत घेतल्यासारखं नको, बोलता बोलता. तुम्ही कोणाकडे आणि किती वर्षं शिकलात, अजून कोणाकडे जाता का. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. चाळिशीतली शिक्षिका अजूनही महिन्यातून एकदा कोणा ज्येष्ठांकडे जाऊन एखादं पदम शिकत असेल, तर डोळे मिटून मुलगी तिच्या हाती द्या. शाखा असेल तर विचारा, मुख्य संस्थेतून कोणी तपासायला येतं का, वर्षातून किती वेळा, आणि आल्यावर मुलींना दुरुस्त करतं की फक्त परीक्षेच्या आधी तालीम बघून जातं. कार्यक्रमाला नट्टुवांगम कोण करतं? पोशाख, दागिने, वार्षिक कार्यक्रमाची वर्गणी मासिक फीमध्ये धरलेली आहे की वेगळी? आणि पालकांना वर्गात बसू देतात का? रोज बसू देऊ नये असं माझंही मत आहे, आई समोर असली की मुलगी नाचत नाही, आईकडे बघते. पण महिन्यातून एखादा वर्ग पालकांसाठी खुला असावा. दार कायम बंद ठेवणाऱ्या, "आमच्यावर विश्वास नाही का" म्हणणाऱ्या ठिकाणी मी माझी मुलगी घातली नसती, मग संस्थापक कितीही थोर असोत. काठीने पायावर मारण्याचे, चिमटे काढण्याचे दिवस गेले; कुठे ते अजून "परंपरा" म्हणून चालू असेल तर दुसऱ्याच दिवशी मुलगी काढा.

बाणीचंही, म्हणजे नाचाच्या शैलीचंही, थोडं सांगते, कारण कोणीतरी तुम्हाला नक्की घाबरवेल. पंदनल्लूर, वळुवूर, तंजावर, कलाक्षेत्र अशा भरतनाट्यमच्या वेगवेगळ्या बाणी आहेत. हात किती ताणायचा, कोपर कुठे, मान किती, अडवूंची मोजणी आणि क्रम, यात फरक असतो. एका वर्गातून दुसऱ्यात गेलं की नव्या ताई बहुतेक वेळा अडवू पहिल्यापासून करून घेतात. पालकांना ते वर्ष वाया गेल्यासारखं वाटतं. मुलगी दहा वर्षांची असेल तर ते वर्ष वाया जात नाही, पाय पक्के होतात. पंधराव्या वर्षी मात्र हा बदल जड जातो, कारण शरीराला एक वळण लागलेलं असतं आणि दहावी तोंडावर असते. म्हणून निवड आत्ता नीट करा, आणि चुकली असं वाटलं तर पहिल्या दोन-तीन वर्षांतच बदला.

अरंगेत्रमबद्दल. नीट शिकवणाऱ्या वर्गात, आठवड्यातून तास-दीड तासाच्या दोन बैठका आणि घरी थोडा सराव असेल, तर सात-आठ वर्षांच्या आत अरंगेत्रमचा विषय निघू नये. कोणी प्रवेशाच्या वेळीच "पाच वर्षांत अरंगेत्रम" सांगत असेल तर तो धंदा आहे. अरंगेत्रम म्हणजे मुलीने एकटीने दोन-अडीच तास मार्गम, म्हणजे वर सांगितलेला अलारिप्पू ते तिल्लाना हा सगळा क्रम, सादर करायचा. मधलं वर्णम एकटंच अर्धा-पाऊण तास चालतं, त्यात एकीकडे कठीण जती (नुसत्या तालाच्या बोलांवरचे पायांचे तुकडे) आणि दुसरीकडे अभिनय. तेवढा दम आणि तेवढी समज यायला वेळ लागतो, आणि समज यायला दमापेक्षाही जास्त. बारा वर्षांची मुलगी विरहिणी नायिकेचं वर्णम करते तेव्हा पाय छान पडतात आणि चेहऱ्यावर ताईंची नक्कल असते. त्यात तिचा दोष नाही. त्यापेक्षा त्या वयाला शोभेल असा विषय घेणाऱ्या, यशोदा-कृष्णाचं, देवीचं वर्णम निवडणाऱ्या ताई मला जास्त शहाण्या वाटतात.

खर्चाचं आधीच विचारून ठेवा. सभागृह, गायक, मृदंग, व्हायोलिन किंवा बासरी, नट्टुवांगम, दोन-तीन पोशाख, मेकअप, तालमींचं मानधन, छायाचित्रण, पाहुण्यांचं जेवण, गुरुदक्षिणा. मुंबईत हा आकडा सहज लाखांत जातो, आणि लग्नासारखी हौस शिरली की त्याला मर्यादा नाही. संगीतावर खर्च करा, पत्रिकेवर आणि मंडपावर करू नका. रेकॉर्डिंगवर छोट्या सभागृहात केलेलं अरंगेत्रमही कमी दर्जाचं नाही. ते करू देणाऱ्या ताई असतील तर त्यांना मुलीच्या नाचात रस आहे, आणि कर्ज काढायला लावणाऱ्यांना कशात रस आहे ते तुम्हीच ठरवा. अरंगेत्रम न करताही उत्तम नाचणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. परवडत नसेल तर तसं स्पष्ट सांगायला लाजू नका.

परीक्षांचं. महाराष्ट्रात बहुतेक वर्ग अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मुली बसवतात: प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, मग अलंकार. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, 1908 मध्ये मुंबईत आणलं, आणि इथलं विद्यालय पुढे कर्जापायी हातचं गेलं. 1931 मध्ये ते वारले, त्यानंतर त्यांच्या शिष्यांनी एकत्र येऊन हे मंडळ उभं केलं. तुमच्या "गुरू नसतील तर काय" या प्रश्नाला यापेक्षा जुनं मराठी उदाहरण मला सुचत नाही. परीक्षा द्याव्यात का? द्याव्यात. लेखी आणि तोंडी परीक्षेमुळे मुली हस्तमुद्रांचे श्लोक पाठ करतात, ताल हातावर धरून बोल म्हणायला शिकतात, आणि दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात हेही खरंच आहे. पण वर्ग वर्षभर फक्त परीक्षेचाच अभ्यासक्रम घोटत असेल, आणि मुलीला नवीन काही शिकवायला "ते पुढच्या परीक्षेत आहे" असं उत्तर मिळत असेल, तर सावध व्हा. दरवर्षी परीक्षा दिलीच पाहिजे असंही नाही. एखादं वर्ष नुसतं अडवूंवर घालवलेलं चांगलं.

भाषेची भीती वाटत असेल तर ती काढून टाका. वर्णम-पदम बहुतेक तमिळ, तेलुगू, संस्कृतात असतात. मुलगी ओळीचा अर्थ न कळता हातवारे करत असेल तर दोष भाषेचा नाही, शिकवणारीचा. चांगली शिक्षिका ओळ आधी शब्द फोडून समजावते, मग गाऊन घेते, मग हात लावते. आणि मराठीतही करण्यासारखं पुष्कळ आहे, अभंग आहेत, वर सांगितलेली निरूपणं आहेत. निरूपणं मात्र कोणी सहज शिकवेल अशी अपेक्षा ठेवू नका. ती येणारी माणसं मोजकी आहेत.

तुम्ही जेवढं लिहिलंय त्यावरून माझा कल सांगते. शाखेतल्या ताईंकडे दांडकं आणि आवाज असेल, आणि मुख्य संस्थेशी त्यांचा खरा संबंध असेल, तर तिथे घाला. जादा फी योग्य आहे, कारण पुढे मुलीला ज्येष्ठांसमोर नाचायला मिळेल, मोठ्या मुलींबरोबर समूहात उभं राहायला मिळेल. ते नसेल तर शेजारच्या ताईंकडे. दहा-बारा मुलींत प्रत्येकीच्या डाव्या पायाकडे लक्ष जातं, तीस जणींच्या बॅचमध्ये जात नाही. चालत जाण्याचं अंतर हाही साधा मुद्दा समजू नका. जुलैच्या पावसात रिक्षा मिळत नाही म्हणून बुडालेले वर्ग मिळून वर्षाला महिना होतो.

नवीन मुली बहुतेक ठिकाणी विजयादशमीला किंवा जूनमध्ये घेतात, पण वर्ग बघायला मुहूर्त लागत नाही. एक वर्षाची फी एकदम भरू नका, तीन महिन्यांची भरा. तीन महिन्यांनी मुलीला घरी, संगीत न लावता, हातावर ताल धरून तत्तडवूचे आणि नाट्टडवूचे बोल म्हणायला सांगा. म्हणत असेल तर पुढची फी भरा. म्हणता येत नसेल तर ताईंशी जाऊन बोला, आणि तरीही वर्ग बदलायचं ठरलं तर ते त्यांना समक्ष सांगा, व्हॉट्सअॅपवर नको. मुंबईतलं भरतनाट्यमचं जग लहान आहे, आणि तुमच्या मुलीला पुढच्या पंधरा वर्षांत या दोन्ही ताई कुठल्या ना कुठल्या सभागृहात भेटणार आहेत.